गेरूची चांदणी

आमच्या घरात दिवस उजाडायचा तो काचपट्ट्यांच्या किणकिणाटानं. अण्णा, म्हणजे माझे वडील, सरकारच्या हिवताप खात्यात होते. गावोगावचे लोक त्यांना सरळ 'मलेरियावाले' म्हणायचे. अहमदपुरात एसटी स्टँडच्या मागं, बुद्धविहाराच्या गल्लीत आमच्या दोन खोल्या. पहाटेच्या लातूर गाडीचं इंजिन घुरघुरायला लागलं की इकडं अण्णा रक्त घ्यायच्या काचपट्ट्या कापसात गुंडाळून पिशवीत भरत, माय भाकरी थापत असे आणि मी अंथरुणातूनच त्या पट्ट्या मोजत असे. मोजायचं वेड मला तेव्हापासूनचं. मग अण्णा सायकलवर टांग टाकून जे जात ते दोन-तीन गावं पालथी घालून दिवेलागणीला परत येत. दारोदार जायचं, घरात कुणाला ताप आहे का विचारायचं, असला तर बोटाचं रक्त घ्यायचं, गोळ्या द्यायच्या आणि दाराशेजारच्या भिंतीवर गेरूनं चौकोन काढून त्यात तारीख, माणसं किती, ताप किती, ते लिहायचं. अख्ख्या गावात एकालाही ताप नसला तर रजिस्टरात त्या गावापुढं अण्णा झोकदार अक्षरात एकच शब्द लिहीत: निरंक. मला तो शब्द भारी वाटायचा. सांगायचं काय, तर काहीच नाही, पण केवढ्या ऐटीत.

माझं स्वतःचं मात्र निरंक नव्हतं. कमरेच्या वर, मणक्यावर, जन्मापासून लिंबाएवढी मऊ गाठ. डावं पाऊल ओढत, डुलत डुलत चालायचे. पावलाला चटका बसला तरी कळायचा नाही. आणि खरी पंचाईत पुढंच होती; लघवी कधी झाली ते मला कळायचंच नाही. ओलं झाल्यावर कळायचं, म्हणजे सगळ्या वर्गाला कळल्यावर मला. माय जुन्या लुगड्यांच्या घड्या करून द्यायची, दिवसाला सात-आठ. सातवीपर्यंत तिनं त्या धुऊन धुऊन मला शाळेत पाठवलं, एका शब्दानं कधी बोलली नाही. पण मग तो दुष्काळ पडला. हापशाला हवा यायला लागली, टँकर आला तर आला, एका घागरीसाठी बाया एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. प्यायला पाणी नाही तिथं घड्या कशानं धुणार? भांड्याचं खरकटं पाणी गाळून माय त्यात घड्या खळबळायची, वास जायचा नाही. शाळेत पोरी बाकावरून सरकून बसायला लागल्या. गुरुजींनी एकदा अण्णांना बोलावून काहीतरी हळू आवाजात सांगितलं आणि आठवीच्या उंबऱ्यावरच माझी शाळा बंद झाली.

मी मूळचीच आगाऊ. रडले थोडं, भांडले फार. भाकरी खायची नाही, बोलायचं नाही, मायच्या मागं नुसती भुणभुण. आत्या आली होती, ती म्हणाली, असलं लेकरू तिनं सात गावांत बघितलेलं न्हाई, घरात ठिवावं, देवानं एकच घडवलंय. मी म्हटलं, एकच घडवलंय तर नीट जपून शाळेत तरी पाठवा. शेवटी एके दिवशी माय वैतागली. हुलग्याचं माडगं ढवळता ढवळता पळी आपटून म्हणाली, "तुझ्यासारखी एक तरी शाळंत जाणारी दाव मला. एक. त्याच दिवशी तुला पाठविते." तिला वाटलं, विषय संपला. मी मात्र तो शब्द गाठीला बांधून ठेवला.

मग उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्यावर पाय देऊन मी उभी राहिले, बराच वेळ. मला काही कळलं नाही, पावलाचं कातडं मात्र सोलून निघालं. अण्णा घाबरले, मला घेऊन नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात गेले. तिथला डॉक्टर तरुण होता, चष्मा घामानं नाकावरून घसरत होता. त्यानं पाय बांधला, पाठ बघितली आणि पहिल्यांदाच माझ्या गाठीला कुणीतरी नाव घेऊन हाक मारली: स्पायना बायफिडा. आईच्या पोटात असतानाच पाठीचा कणा एका जागी मिटायचा राहून जातो, म्हणाला. कुणाच्या पापानं नाही, कुणाच्या नजरेनं नाही. मी विचारलं, असली लेकरं आणिक असतात का? तो हात धुता धुता सहज म्हणाला, "असतात की. हजारात एखाद-दुसरं."

त्या माणसाला कल्पना नसेल की त्यानं काय केलं. परतीच्या गाडीत लोहा येईपर्यंत माझ्या डोक्यात त्रैराशिक फिरत होतं. अण्णांच्या रजिस्टरात त्यांच्या हद्दीतली माणसं लिहिलेली असत, सगळी मिळून दहा हजारांच्या आसपास. हजारात एक, तर दहा हजारांत दहा! एक मी, मग बाकीच्या नऊ जणी कुठं आहेत? मी खिडकीतून ओरडायचीच बाकी होते. समोरच्या बाकावर मुदखेडची एक म्हातारी कोंबडी घेऊन बसली होती, तिला मी सांगून टाकलं की मी हजारात एक आहे. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि कोंबडी दुसऱ्या मांडीवर घेतली. आता, उभा जन्म आकड्यांत घालवल्यावर, मला माझ्या त्या हिशेबातली चूक दिसते. डॉक्टर बोलत होता ते जन्मणाऱ्या हजार लेकरांबद्दल, मी मोजत होते चालती-बोलती माणसं. दोन्हींच्या मधे काय काय होतं, ते मला लवकरच कळणार होतं.

अण्णांना पटवायला मला तीन दिवस लागले. तसे ते भित्रे, सरकारी माणूस. पण दारोदार तुम्ही जाताच, ताप विचारता तसं हेही विचारा, त्याला काय सरकारची परवानगी लागते, असा माझा मुद्दा होता. बिनतोड होता. शेवटी ते हो म्हणाले. एवढंच नाही, तर पायाची जखम भरल्यावर जवळच्या गावांना मला सायकलच्या मागच्या कॅरियरवर बसवून न्यायला लागले. खाली मायनं दिलेलं पोतं, हातात वही. अण्णा तापाचं विचारत, आणि निघताना खाकरून म्हणत की पाठीवर गाठ असलेलं एखादं लेकरू हाय का हो घरात. सापडलं तर खुणेला गेरूच्या चौकोनाशेजारी एक चांदणी काढायची, हे मी ठरवलेलं. फुली नको म्हटलं मी, फुली चुकलेल्या गणितावर मारतात.

काय दिवस होते ते. उन्हानं रस्ता पांढरा पडलेला, हमीच्या कामावर खडी फोडणाऱ्या बाया डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या, आणि आम्ही बापलेक घंटी वाजवत जगात माझ्यासारखं कोण कोण आहे ते शोधायला निघालेलो. अण्णा चढावर उतरून सायकल ढकलायचे आणि मी वर बसून त्यांना पाढे म्हणायला लावायचे. कुठं कुणी धपाटं हातावर ठेवायचं, कुठं अंबाडीची भाजी. पण चांदण्या काही निघेनात. बाया अण्णांचा प्रश्न ऐकून आधी माझ्याकडं बघायच्या, मग घरात बघायच्या, मग आवाज खाली घेऊन म्हणायच्या, "होतं वो आमच्यातबी एक. ऱ्हायलं न्हाई." कुणाचं आठ दिवसांत गेलं, कुणाचं डोकं मोठं होत गेलं आणि वर्षात गेलं. मी वहीत दोन रकाने केले, 'आहेत' आणि 'होते'. 'होते'चा रकाना पानाच्या खाली गेला. त्या बायांची नावं मी लिहिली नाहीत, फक्त रेघा ओढल्या. आजही माझ्या भाच्यांपैकी कुणाची नवी नवरी घरात आली की मी सगळ्यात आधी तिच्या हातावर फॉलिक ॲसिडच्या गोळ्या ठेवते. दिवस जायच्या आधीपासून घ्यायच्या, म्हणून सांगते. पोरी हसतात, आत्याबाईंचा आहेर म्हणतात. हसू देत. माझ्या डोळ्यासमोर त्या रेघा असतात.

आणि मग डोंगराकडेच्या एका वाडीत पहिली चांदणी उगवली. सात-आठ महिन्यांचं पोरगं, तशीच गाठ, तसेच ढिले पाय, आणि हसणं असं की बोळक्या तोंडात मावत नव्हतं. मी त्याच्या गाठीवर बोट ठेवलं, त्यानं माझा कान ओढला. आईनं त्याला कुणापुढं कधी उघडं केलं नव्हतं, पण माझी गाठ बघितल्यावर ती एकदम बोलती झाली. अण्णांनी गेरूचा कुंचला माझ्या हातात दिला. पाच टोकांची ठसठशीत चांदणी मी माझ्या हातानं काढली आणि दोन पावलं मागं सरून तिच्याकडं बघत राहिले. शाळेत जायला त्या पोराला अजून सहा वर्षं होती, म्हणजे मायपुढं त्याचा उपयोग नव्हता. पण आता मी एकटी नव्हते.

पंधरा दिवसांनी अण्णा एकटेच त्या वाडीला जाऊन आले आणि सायकल भिंतीला न लावताच घरात आले. पांढरे पडले होते. म्हणाले, शकू, वाडीत घराघरावर चांदण्या आहेत. मला आनंदानं वेड लागायचं बाकी राहिलं. किती, विचारलं तर म्हणाले, मोजल्या नाहीत, चाळीस तरी असतील. चाळीस! मी पोत्यावर उभी राहून मायला सांगितलं की आपली बहुमती आहे, आता ज्यांच्या पाठीवर काही नाही त्यांनीच घरात बसावं. माय म्हणाली, वाडीत घरं तरी तेवढी आहेत का? हे मात्र मला सुचलं नव्हतं.

झालं होतं असं. लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा झालेला. एवढ्या-तेवढ्या कागदासाठी उस्मानाबादचे हेलपाटे संपले होते आणि लोकांना वाटायचं, नव्या जिल्ह्यातून आता काहीही येईल. चांदणी काढली त्याच्या दुसऱ्याच दिवशी वाडीत टँकर आला, आणि तिथं गल्ली जरा रुंद म्हणून नेमका त्या पोराच्या दारापुढं थांबला. आठवड्यातून तीनदा तिथंच. लोकांनी भिंत बघितली, टँकर बघितला आणि ठरवून टाकलं की ही नव्या जिल्ह्याची टँकर थांबायची खूण. मग काय, ज्यानं त्यानं आपापल्या दारावर गेरू फासला. एकानं दोन काढल्या, त्याच्या घरात म्हशी होत्या. टँकरचा ड्रायव्हर थांबेना म्हणून लोक त्याला भिंतीकडं बोट दाखवून शिव्या द्यायचे, आणि तो बिचारा खाली उतरून चांदण्यांकडं बघत डोकं खाजवायचा.

मी हसून हसून आडवी झाले. अण्णांना मात्र नोकरीची काळजी. दुसऱ्याच दिवशी जाऊन त्यांनी सरपंचाला खरं काय ते सांगितलं, की बाबांनो, ही पाठीवर गाठ असलेल्या लेकराची खूण आहे. संध्याकाळपर्यंत वाडीतल्या चांदण्या गायब, त्या पोराच्या दारावरचीसुद्धा. ज्या गावात प्यायला पाणी नव्हतं, त्या गावानं शेणकाला करून भिंती सारवल्या. अण्णांनी हे सांगितलं तेव्हा माझं हसू जागच्या जागी थांबलं. पाण्यासाठी चांदणी चालत होती, माझ्यासाठी चालत नव्हती. त्या रात्री मी वही पेटीच्या तळाशी टाकली.

आणि रविवारी ती आली. दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो, तर दारात एक तरुण बाई उभी. गुलाबी ओढणी, मनगटावर पुरुषी मोठं घड्याळ, उन्हानं लाल झालेलं तोंड. जरा डुलत आत आली. अण्णांनी ओळखलं, वाडीच्या शाळेवर वर्षापूर्वी आलेल्या नसरीनबाई, मूळच्या नांदेडच्या. बसायला सांगितलं तर बसेनात. अण्णांच्या समोर उभ्या राहून विचारलं, "माझ्या दारावर चांदणी कोन काढली? तुमाला कोन सांगितलं?" आवाज रागाचा होता, पण ओढणीचं टोक त्या बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. अण्णांना काही कळेना. त्यांनी शपथ घेऊन सांगितलं, वाडीत आम्ही एकच चांदणी काढली, बाकीच्या लोकांनी टँकरसाठी काढल्या. मग उलगडा झाला. बाईंच्या घरमालकानंही हौसेनं गेरू फासला होता आणि तो पुसायच्या आत पोटामागं दुसरीकडच्या कामावर निघून गेला होता. सुट्टीला नांदेडला गेलेल्या बाई परत आल्या तेव्हा सगळ्या गावात तेवढी एकच चांदणी राहिलेली, आणि तिचा अर्थ गावाला कळलेला.

त्या वयात डोकं जरा हळू चालतं, पण माझं त्या दिवशी भराभर चाललं. दुसऱ्या कुणाच्या दारावर चुकीची चांदणी असती तर तो हसला असता किंवा पुसून मोकळा झाला असता. ही बाई तासभर एसटीनं धक्के खात आली होती. मी जागेवरून म्हटलं, "बाई, तुमालाबी हाय."

अण्णा उठले, चप्पल घातली आणि सायकलची हवा बघायला बाहेर गेले. बाईंनी मायकडं बघितलं, मायनं न्हाणीचा पडदा बाजूला केला. आम्ही तिघी आत शिरलो, त्या एवढ्याशा न्हाणीत, रिकाम्या रांजणाला टेकून. बाईंनी पाठ वळवली. त्याच जागी, तेवढीच, लिंबाएवढी. मी माझा परकर सरकवून माझी दाखवली. मग मला जे हसू सुटलं ते काही केल्या आवरेना. बाईही हसायला लागल्या, रांजण घुमायला लागला, आणि अर्थातच व्हायचं ते झालं, मी ओली झाले. बाईंनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "मला अजून दहा मिन्टं हायेत."

तेच तर त्यांचं सगळं इंगित होतं. त्यांनाही कळायचं नाही, पण त्या कळायची वाटच बघत नव्हत्या. दर दोन तासांनी, लागो न लागो, जाऊन यायचं. ओटीपोट हातानं दाबून रिकामं करायचं. पाणी घड्याळ बघून प्यायचं. घडी लागायची ती अडीअडचणीपुरती, दिवसाला एखादी, खाली मेणकापड. एक घडी धुवायला तांब्याभर पाणी पुरे. (आता डॉक्टर पोट दाबायचं नाही म्हणतात, त्यानं मूत्रपिंडाला इजा होते, बारीक नळी वापरायला शिकवतात, मीही पुढं तीच शिकले. माझं वाचून कुणी पोट दाबू नका.) लहानपणी त्यांच्या अम्मीनं हे घड्याळाचं तंत्र बसवलं होतं, अब्बांचं घड्याळ काढून पोरीच्या हातात बांधलं होतं.

माय सगळं ऐकत रांजणाला धरून उभी होती. बाहेर आल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं, दोनदा पुसलं. मग मुरमुरे भिजवून पोह्यांगत सुशीला करायला बसली, दुष्काळात जपून ठेवलेले शेंगदाणे मूठभर टाकले. फोडणी चुरचुरत असताना माझ्याकडं न बघता म्हणाली, "मी म्हणले, शाळंत जाणारी दाव. ही तर शाळा चालवायली." एवढंच बोलली. मी लगेच पेटीतून दप्तर काढलं.

निघताना बाईंनी मला जवळ घेतलं. वहीचं त्यांना अण्णांनी सांगितलं होतं. म्हणाल्या, "तुझ्या वहीत मला लिहू नको. मी कुनाला सांगितलं न्हाई. सांगायचं का न्हाई, ते मी ठरवीन." मी शब्द दिला (इथंही त्यांचं नाव-गाव बदलूनच लिहिलंय). अण्णांनीही दिला, आणि पुढच्या फेरीत त्यांच्या दारावरची ती चांदणी गेरूनंच झाकली. तिच्यावर आपला नेहमीचा चौकोन काढला, माणसं एक, ताप नाही.

शाळा उघडली तशी मी आठवीत जाऊन बसले. घड्याळ नव्हतं, पण शाळेची घंटा होती. तीन तासिका झाल्या, म्हणजे दोन तास होत आले, की हात वर. गुरुजींनी पहिल्या दिवशी विचारलं, इतक्यांदा कशाला? मी उभी राहून सगळ्या वर्गाला सांगितलं की माझ्या पाठीचा कणा एका जागी मिटायचा राहिलाय, त्याला स्पायना बायफिडा म्हणतात, हजारात एखाद-दुसऱ्याला असतो. पोरी तोंडाकडं बघत राहिल्या. मधल्या सुट्टीत एकीनं विचारलं, हे तिला पण होऊ शकतं का. मी म्हटलं, आता उशीर झाला.

पुढं शिकले, लातुरात जिल्ह्याच्या आकडेवारीच्या कार्यालयात लागले, तिथंच निवृत्त झाले. घंटांची जागा मनगटावरच्या घड्याळानं घेतली. गावागावांतून तक्ते यायचे, आंधळे किती, पांगळे किती, अमुक किती. पुष्कळ गावांपुढं लिहिलेलं असायचं, निरंक. माझे साहेब त्यावर बरोबरची खूण करून पान उलटायचे. मी मात्र थांबायचे. कारण माझी ती वही अजून माझ्यापाशी आहे. तिच्यात त्या वाडीच्या पानावर पहिल्या ओळीत ते हसरं पोरगं आहे. त्याखाली नवा रकाना आखलाय: 'शाळेत जाणारी'. त्याच्यापुढं, शाळेत जायच्या आदल्या संध्याकाळी, अण्णांच्यासारखं झोकदार अक्षर काढायच्या नादात जीभ बाहेर काढून, हसू दाबत मी लिहिलंय: निरंक.